वैनगंगेत बसता आलं

बायको गेली तेव्हापासून मी देवाशी बोलणं सोडलं होतं. मार्कंडादेवाला आम्ही दोघांनी माझ्या पायासाठी काय कमी साकडं घातलं? फौजेत पाठीवर ओझी घेऊन डोंगर चढता चढता माझा डावा खुबा झिजला, मग वाकडा होऊन आखडला आणि पाय आखूड पडला. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलायला हवा, पण तुमच्या हृदयाला भूल झेपायची नाही. गावात फौजी म्हणून मान होता, मात्र स्वतःच्या पायात मोजा चढवता येत नव्हता. मोजा ती चढवायची. बुटाची नाडीही तीच बांधायची. मला जमिनीवर बसता येत नव्हतं, म्हणून जेवायला मी खुर्चीवर आणि ती खाली. "इथून तुमचं तोंडच दिसत नाई," म्हणून चिडवायची. आता बूट दाराशी तसेच पडून आहेत आणि मी चपला ओढत फिरतो.

जाण्याआधी तिनं एकच मागितलं होतं. "तुमी फौजेत होते, माह्यं सारं दुसऱ्याइनंच केलं. आता अस्थी तरी तुमच्या हातानं सोडा. मार्कंड्याले." मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं!

विधी बसून करायचा असतो, म्हणून धाकट्या भावानं गोंडपिपरीहून निघताना गाडीत प्लास्टिकची खुर्ची टाकली होती. मार्कंड्याच्या देवळाखाली वैनगंगेच्या काठी ती मांडली, मी टेकलो, आणि तिचे मागचे पाय ओल्या वाळूत रुतत गेले. मी चारचौघांत उताणा पडलो. खुब्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. अस्थींचं मडकं गुरुजींनी वेळेवर धरलं म्हणून वाचलं. भावानं मला उभं केलं आणि हळूच म्हणाला, "दादा, मी करतो नं. काऊन हट्ट करून राह्यला?" तो चुकीचं बोलत नव्हता. वर देवळाचा कळस दिसत होता. मी त्याच्याकडे पाहून मनात म्हटलं, माझं सगळं नेलंस, एवढा शब्दही पाळू देणार नाहीस? मला रडू आवरेना. मडकं भावाच्या हाती द्या, असं मी गुरुजींना सांगणारच होतो.

तेवढ्यात जाळं झटकत एक बाई पाण्यातून वर आली. आमच्याच ढिवर समाजातली असावी. माझ्याकडे पाहत म्हणाली, "भाऊ, वाळूवर कायले बसता? पाण्यात या नं. पाणी उचलते मानसाले."

"अन् पडलो तं?"

"पडून कुठी जाल? पाण्यातच नं?"

मी तलावात जाळी ओढणाऱ्या बापाचा मुलगा. पोहणं मला चालण्याबरोबरच आलं होतं. पण खुबा गेल्यापासून घसरण्याच्या भीतीनं मी घोटाभर पाण्यातही पाय घातला नव्हता. भावाचा खांदा धरून एकेक पाऊल टाकलं. पाणी कमरेपर्यंत आलं तसं खुब्यावरचं ओझं कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. मी हळूहळू गुडघे वाकवले. दुखलं, पण सोसवेल इतकंच. पाणी छातीला लागलं. गुरुजी धोतर सावरत गुडघाभर पाण्यात आले, मडकं भावाकरवी माझ्या हाती दिलं आणि तिथूनच मंत्र सांगू लागले.

मडक्यातल्या अस्थी मी माझ्याच हातांनी सोडल्या. मागे वळून पाहिलं तर ती बाई जाळं खांद्यावर टाकून काठाकाठानं बरीच पुढे गेली होती. ती कोण होती याचा मी खल करत नाही. ज्यानं पाठवली त्याला हात जोडले, कितीतरी दिवसांनी.

बाहेर आलो तसा खुबा पुन्हा ठणकू लागला, आजही ठणकतो. सकाळी उठवत नाही, घर खायला उठतं, आणि बरं होण्याची आशा मी सोडली आहे. देवाकडे आता पाय मागत नाही. तो जिथं उचलून धरील तिथं अंग सोडून द्यायचं, एवढंच नदीत कळलं. त्या दिवशी राख माझ्या छातीशी क्षणभर तरंगत राहिली आणि मग गेली. मी तिला म्हणालो, "बघ, आज खाली बसलो. आता तोंड दिसते नं?"