नदाफांचा खोकला

तुम्ही ज्या गादीवर झोपता, तिचा कापूस पिंजताना उडालेली धूळ कुठं गेली, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय?

नाही ना? मलाही पडला नव्हता. आष्ट्याच्या अलीकडच्या या आपल्या गावात ती धूळ ताहेरा नदाफच्या घरात जाते. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत पिंजायचं मशीन, मागं चूल आणि अंथरुणं, मधे जुन्या साडीचा पडदा. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. मागच्या भिंतीला एक खिडकी होती. ती ताहेराच्या सासऱ्यांनी, इमामचाचांनी, तीस वर्षांपूर्वी विटा लावून बुजवली. वारा शिरला की कापूस उडतो. पिंजाऱ्याचा वैरी वारा. म्हणून मशीन चालू असलं की दारही लोटलेलं.

त्यात नवा कापूस फार थोडा. लोक आणून टाकतात त्या जुन्या गाद्या. कुणाच्या बाळंतिणीची, कुणाच्या म्हाताऱ्याची, तो गेल्यावर. गावानं वीस वीस वर्षं अंगाखाली घातलेली घाण त्या मशीनमधून निघते, आणि पडद्याच्या आड ताहेरा भाकरी थापते.

ताहेरा फलटणची. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला सांगितलं, घाबरू नको, हा आपल्या घराण्याचा खोकला. चाचांच्या वडिलांना होता, चाचांना आहे, तिच्या नवऱ्याला, फारूकला आहे. गल्लीत नुसत्या खोकल्यावरून कळायचं, नदाफांपैकी कोण आलं. लग्न जमवताना लोक म्हणायचे, "तेवढा खोकला सोडला तर माणसं सोन्यासारखी."

आठ वर्षांनी ताहेराही खोकायला लागली. शेजारची रंगुबाई दारातनंच म्हणाली, "आत्ता खरी नदाफीण झालीस बग!" सगळे हसले. ताहेराही हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला तो थांबेना.

मी रेशनकार्डाच्या कामासाठी तिथं बसले होते. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "घराण्याचा खोकला सुनंला कसा लागला गं? निकाहात रक्त बी बदलतं व्हय?"

चाचा खाटेवरनं कडाडले. "आवं आक्का, तुमी काय डाक्टर हाय का?"

"न्हाई चाचा. सातवी नापास हाय. पण डोळं हायत मला."

आणि डोळ्यांना जे दिसलं ते सांगते. शुक्रवारी मशीन बंद असायचं. शनिवारी ते सुरू झालं की सगळ्यांच्या छात्या आवळायच्या, आठवड्यातल्या इतर कुठल्याही दिवसापेक्षा जास्त. चाचांनी यावरून काय काढावं? सुट्टीनं अंग आळसावतं, म्हणून खोकला वाढतो! मग त्यांनी सुट्टीच मोडली. नमाजापुरतं मशीन थांबायचं, की परत खडखडाट. जन्म एका खोलीत गेला की माणूस खोलीला दोष देत नाही, आपल्याच हाडाला देतो.

ताहेराची लेक अर्फा सहा वर्षांची. पळाली की छातीत शिट्टी वाजते. दिवाळीत आजोळी, फलटणला, बारा दिवस राहिली. अंगणात लोळली, झोका खेळली, एकदा खोकली नाही. घरी आली, आणि तिसऱ्या दिवशी शिट्टी परत. मी तिला आणि ताहेराला इस्लामपूरला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी दोघींच्या छात्या तपासल्या, घर कसं आहे ते विचारलं, आणि म्हणाले, "मशीन घराबाहेर काढा. जमत नसेल तर पोरीला घराबाहेर ठेवा."

फारूक ऐकून म्हणाला, "मशीन कुठं नेऊ आक्का? डोक्यावर घिऊन फिरू?"

तरी त्यानं करून बघितलं. मशीन गल्लीत मांडलं. तासाभरात कापसाचे पुंजके रंगुबाईच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. तिनं जी तोफ सोडली, त्यात संध्याकाळी मशीन परत आत. मग खिडकीच्या दोन विटा काढल्या. कापूस घरभर, अन्नातसुद्धा. विटा परत जागेवर. भाड्यानं गाळा बघितला. "पिंजाऱ्याला नको, आग लागंल." सगळीकडं हेच.

बाजारतळाच्या कडंला पंचायतीची शेड सहा वर्षं कुलूपबंद आहे. पक्क्या भिंती, उंच पत्रा, वस्तीपासून लांब. तिथं गेल्यानं फारूकची छाती सुधारेल असं मी म्हणत नाही. तो म्हणतो, "माजं बगू, तोंडाला फडकं बांदीन. पोर तर सुटंल."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ताहेरा स्वतः उभी राहिली. पदर सावरत, तीन वेळा ठसका गिळत तिनं शेड मागितली. मेंबर जोतीराम खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "खोकला पंचायतीचा हाय व्हय? उद्या म्हनशील पडसं बी सरकारी करा!" सभा खदाखदा हसली. हात वर करायला सांगितलं, तर अकरा वर आले. बाकीचे मांडीवर. ज्यांचे मांडीवर राहिले, त्यांतल्या बहुतेकांच्या गाद्या फारूकनं भरलेल्या. जोतीरामच्या लेकीच्या रुखवतातली सुद्धा! मग माझी जीभ सुटली. काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण त्यानं ठराव पास झाला नाही, हे खरं.

गेल्या आठवड्यात अर्फाची परीक्षा संपली. ताहेरानं तिला मामाबरोबर फलटणच्या एसटीत बसवलं. शाळा सोडल्याचा दाखला मागायचा अर्ज लिहून तयार आहे, पत्र्याच्या पेटीत, कपड्यांखाली. दिलेला नाही. "एक मेची सभा हुद्या," म्हणाली. "शेड मिळाली तर जूनला लेक घरी. न्हाईतर तिचं घर तिकडंच."

चाचांनी विचारलं, "कवा येनार पोरगी?" मशीन चालूच होतं. मग चाचाच विटांकडं बघत म्हणाले, "ती खिडकी मीच बुजवली."

एक मेला सकाळी ग्रामसभेला या. भाषण नको, हळहळ तर नकोच. ताहेरा शेड मागेल तेव्हा हात वर करा, आणि मोजणी संपेपर्यंत खाली घेऊ नका.