हळद्याचं डिजिटल

निवृत्त झाल्यावर शाहूपुरीतल्या आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसून पक्षी बघायचे, असं मी ठरवून टाकलं होतं. विज्ञानाची बाई म्हणून जन्मभर फळ्यावर पक्षी काढले, खरे बघायला सवड कुठं होती? यंदा मे महिन्यात पक्षी स्वतःच आले. दारातल्या शिरीषावर हळद्याच्या जोडीनं घरटं बांधलं. नर पिवळाधमक, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी काळी रेघ, आणि शीळ अशी की ऐकता ऐकता माझ्या दोन पोळ्या करपल्या. फांदीच्या बेचक्यात गवत, दोरे आणि माझ्या जुन्या साडीची चिंधी गुंफून त्यांनी झोळी केली. त्या चिंधीवर तीन पिल्लं वाढत होती, आणि मी आजीच्या थाटात नवऱ्याला गॅलरीत खोकूही देत नव्हते.

तेवढ्यात निरोप आला की पावसाआधी विजेच्या तारांजवळच्या फांद्या तोडणार, आमच्या गल्लीचा नंबर गुरुवारी. घरट्याची फांदी तारेला टेकायला आलेली, आणि पिल्लांना उडायला अजून आठवडाभर तरी हवा होता.

हळद्या शहाणा असतो. तो मुद्दाम कोतवालाच्या शेजारी घरटं करतो, कारण हा काळा भांडखोर पक्षी कावळ्यालाही झाडाजवळ फिरकू देत नाही. वरच्या फांदीवर कोतवाल होताच, पण माणसांपुढं त्याचं काय चालणार? म्हणून मी गल्लीतला कोतवाल गाठला. कोपऱ्यावरच्या तालमीचा अध्यक्ष, पन्नाशीचा पैलवान, दूधडेअरीचा मालक आणि माझा जुना विद्यार्थी.

"बाई, तुमी काय बी काळजी करू नगासा," तो म्हणाला. "फांदीला हात लावायची कुणाची टाप हाय?"

बुधवारी सकाळी गॅलरीत आले तर समोर शिरीषाला दहा फुटी डिजिटल बोर्ड, म्हणजे फ्लेक्सचा फलक, बांधलेला. 'हळद्या दांपत्याचे आमच्या गल्लीत सहर्ष स्वागत.' कोपऱ्यात हळद्या अंगठ्याएवढा, खाली गॉगल लावलेले तीसेक शुभेच्छुक, आणि मधोमध 'मार्गदर्शक' म्हणून मी. फोटो वीस वर्षांपूर्वीचा. खरं सांगते, मी आधी फोटोच बघितला. चांगला आला होता. चहा गार होईपर्यंत बघत उभी राहिले.

मग मादीकडे लक्ष गेलं. चोचीत अळी धरून ती तारेवर बसली होती. घरट्याकडे झेपावली की खालचा बोर्ड वाऱ्यानं फडाड वाजायचा आणि ती माघारी फिरायची. पिल्लं उपाशी आणि मी फोटो बघतेय. मला माझीच लाज वाटली.

अध्यक्षाला बोलावून बोर्ड काढ म्हटलं, तर त्याचा चेहरा पडला. "लावलेला बोर्ड त्याच दिवशी उतरवायचा म्हंजे गल्लीची इज्जतच गेली की, बाई. आणि बोर्ड हाय म्हणून उद्या फांदी ऱ्हाईल. काढला की कापली म्हणून समजा."

मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडं झाड कापतील, पण कुणाच्या फोटोवर कोयता चालवणार नाहीत. मी त्याला वर आणून गॅलरीत उभं केलं. "पाच मिनिटं बघ. बोलायचं नाही."

मादी तीनदा आली, तीनदा परतली. झोळीच्या काठावर तीन गुलाबी चोची नुसत्या उघड्या. अध्यक्ष खाली गेला, शिडी लावली आणि स्वतःच्या हातानं दोऱ्या कापल्या. शिडी बाजूला होताच मादी घरट्यावर उतरली.

गुरुवारी फांद्या तोडणारे तिघे आले. मी भाषण तयार करून खाली उतरले होते, पण अध्यक्ष माझ्या पुढं झाला. "या पावणं. आदी जेवान, मग फांदी." ते नको नको म्हणत होते, पण मटणाचा वास सुटल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला. तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, पुन्हा तांबडा झाला. दुपारी तिघेही तालमीतल्या पंख्याखाली आडवे होते. जाग आली तेव्हा वीज बंद ठेवायची वेळ टळून गेली होती. पंधरा दिवसांनी येतो म्हणाले.

त्यानंतर दहाव्या दिवशी दोन पिल्लं उडाली. तिसरं भित्रं, दुपारपर्यंत फांदीला चिकटून बसलं. मग तेही गेलं, आणि मी गॅलरीत बसून सरळ रडले.

ठरल्याप्रमाणे ते तिघे परत आले तेव्हा मीच वर्गातल्या आवाजात सांगितलं, "आता खुशाल कापा. हळद्या जुन्या घरट्यात परत येत नाही."

अध्यक्ष झाडाला हात लावून उभा होता. "घरट्यात येत न्हाई, बाई. पर झाडावर येतोय की. फांदीच न्हाई म्हटल्यावर त्यानं बांधायचं कुठं?"

मी त्या तिघांकडे वळले. तारेला लागणारे शेंडे तेवढे छाटायला सांगितले, आणि शिडी मी धरली.