कातळावरच्या डुकराचं शिंग

विश्रांतवाडीच्या सभागृहात आमच्या भटकंती मंडळानं प्रदर्शन मांडलं होतं. जगभरच्या कातळचित्रांचे फोटो होते. वाळवंटातल्या खडकांवरच्या गाई, गुहेत उमटलेले हाताचे पंजे, बर्फाळ मुलखातल्या दगडांवर कोरलेल्या होड्या. शेवटी, सगळ्यात मोठ्या फलकावर, कोकणातल्या सड्यावरचं, उघड्या कातळपठारावरचं, आमचं डुक्कर. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘जगात इतरत्र कुठेही न आढळलेला एकशिंगी वराह.’

ते शिंग मी काढलेलं आहे.

मी खडकीला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. रेघ पुसट सोडायची नाही, अर्धवट तर नाहीच, हे पंचवीस वर्षं हाताला लागलेलं वळण. सहा वर्षांपूर्वी आम्ही ते डुक्कर बघायला गेलो, तेव्हा फोटो नीट यावा म्हणून मी खाचांमध्ये रांगोळी भरायला बसलो. नाकाडापाशी एक रेघ मधेच तुटत होती. शेवाळ असेल म्हणून मी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडली. जांभा मऊ असतो. खरवडत गेलो तशी रेघ पुढे जात राहिली आणि मला वाटत राहिलं, मी ती शोधून काढतोय.

शेजारी शेळ्या राखणारी म्हातारी उभी होती. म्हणाली, “शिंग नाय हो त्येला. आमी ल्हानपणापासना बघतंव.”

मी हसलो. “आजी, झिजलं होतं ते. आता दिसेल.”

परतताना दुसऱ्या एका ग्रुपची मुलं बूट घालून चित्रावर उभी राहिली, तर मी त्यांना संस्कृतीवर भाषण दिलं. स्क्रू ड्रायव्हर तेव्हा माझ्या खिशात होता.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. जुन्या खाचांचा तळ काळा पडलेला, शिंगाचा ताजा तांबडा. मला त्याच दिवशी कळलं. सहा वर्षं गप्प बसलो. तोच फोटो मंडळाच्या पुस्तिकेत आला, तिथून वर्तमानपत्रात, आणि आता या फलकावर.

मंडळाचे प्रमुख निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “सर, ते शिंग खोटं आहे. मी कोरलंय.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “अहो, मग खाली सहीही करून यायची होतीत.”

“फलक काढा सर.”

“छापून झालेत. पुढच्या रविवारी दोन बस भरून माणसं ते शिंग बघायला निघालीत. आता त्यांना काय सांगू, आमच्या सभासदाचे हात शिवशिवले म्हणून?”

“हो. हेच सांगा.”

“आपण जरा घरी जाऊन पडा. आणि इतकंच बोचत असेल, तर जाताना थोडं सिमेंट न्या. बुजवून टाका. हाय काय अन् नाय काय!”

सिमेंट! हजारो वर्षं ऊनपाऊस खाऊन टिकलेल्या दगडात! मी त्या सभागृहात कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. कुणीतरी बसून, दगडानं दगड ठोकून ते जनावर काढलं, त्याला हवं होतं तेवढंच. माझ्यासारख्या कारकुनी हाताच्या माणसाला ते अपुरं वाटलं. ज्या बाईला खरं ठाऊक होतं तिला मी हसलो, आणि हे सुशिक्षित लोक माझी चूक फ्रेममध्ये घालून मिरवताहेत. माझ्यावर चिडू, की यांच्यावर?

लोक वळून बघत होते. सर हळूच म्हणाले, “येरवडा इथून जवळच आहे. स्वतःच हजर होताय का?”

मी फलकाशेजारी जाऊन उभा राहिलो. जो येईल त्याला शिंगावर बोट ठेवून सांगत राहिलो, “हे मी कोरलंय.” काहीजण हसले. एका बाईंनी विचारलं, “आता काही करता येईल का हो?” मी म्हटलं, नाही. दगडावर खोडरबर चालत नाही.

रविवारच्या बसमध्ये मी जागा घेतली आहे. सर नको म्हणताहेत. म्हातारी असेल तर तिच्यासमोर, सगळ्यांच्या देखत सांगणार आहे: आजी, तुमचं बरोबर होतं.