मार्जिनमधला निळा

दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, कोट टेबलावर पसरला आणि मला घाम फुटला. दोन्ही कुशींना वरपासून खालपर्यंत बोटभर रुंद, गडद निळी पट्टी. बाकी सगळा कोट विटून राखाडी झालेला.

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

कोट इगतपुरीच्या आबा मोरेंचा. रेल्वेतून निवृत्त झालेले. पन्नासेक वर्षांपूर्वी शिवलेला, अस्सल लोकरीचा. छातीला आकार देणारा आतला कॅनव्हास हाताने टाचलेला. हल्लीसारखी इस्त्रीने चिकटवलेली चिंधी नाही. नातीच्या लग्नात मुलाने, म्हणजे राजेंद्रने, तो घालावा एवढी एकच इच्छा आबांनी धरली होती. राजेंद्र अंगाने भरलेला. बटण लागेना. म्हणून तो गंगापूर रोडवरच्या माझ्या दुकानात आला. मी आतून शिवण चाचपली आणि ऐटीत म्हणालो, "मार्जिन भरपूर आहे. होऊन जाईल."

मार्जिन म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. जुने टेलर ते सढळ हाताने ठेवत. माणूस सुटला की शिवण उसवायची आणि कापड बाहेर घ्यायचं. माझी अक्कल इथेच गहाण पडली. कापड किती आहे ते पाहिलं, रंग पाहिला नाही. बाहेरच्या कापडाने इतकी वर्षं ऊन खाल्लं, आतलं होतं तसंच राहिलं. अस्तराचे खालचे दोन टाके सोडून डोकावलं असतं तरी कळलं असतं. आणि हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो.

ओला कपडा ठेवून वाफ दिली. सुईची जुनी भोकं बुजली. रंग कसला हलतो? औषध लावून उतरवावा, तर लोकर जाईल. शिवण होती तिथे परत मारावी, तर बटण लागणार नाही. शेवटी फोन केला. बापलेक दोघेही आले.

राजेंद्रने कोट उचलून पाहिला. "मास्तर, हे आधी बघायचं ना. उद्या हे घालून उभा राहू मी?"

"चूक माझीच आहे. शिवण परत आत घेतो. बटण न लावता घाला."

"आबांना बटण लावलेलाच बघायचाय."

आबांनी स्टूल ओढलं. "आण इकडं." कोट मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले.

"हाच तो निळा," आबा म्हणाले. "राजूच्या आईनं दुकानात बसून हाच धरून ठेवला व्हता. मी राखाडीसाठी अडून बसलो व्हतो. लय वर्षं झाली. रंग माझ्या ध्यानातच नाय राह्यला."

राजेंद्रची आई जाऊन तीन वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं.

"शिव मास्तर," ते म्हणाले. "पट्टी बाहेरच राहू दे."

राजेंद्र शर्टाच्या बाह्या खाली करून ट्रायलसाठी आरशासमोर उभा राहिला. मी टाचण्या लावल्या.

सकाळी त्याने कोट घातला, बटण लावून. पट्ट्या लांबूनही दिसत होत्या. कोणीतरी त्याला विचारलं म्हणे, डिझायनर कोण?

यात माझं कर्तृत्व काही नाही. आता जुना कोट आला की शिवणीला हात लावण्याआधी अस्तर सोडून आत बघतो. प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर आबा येत नाहीत.