काचेवरची आखणी

पेणच्या कारखान्यात मी गणपतीचे डोळे आखायचे. मूर्ती कुणी का घडवेना, रंग कुणी का मारेना, डोळे माझे. ब्रश टेकवायच्या आधी श्वास रोखायचा, बुबुळ पुरं झालं की सोडायचा. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मग उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. मी कुणालाच सांगितलं नाही. एक दिवस एका मूर्तीचा डोळा तिरका गेला. मालकांनी ती उचलली, आत नेली, स्वतः दुरुस्त केली. चार माणसांत चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "वहिनी, आजपासून तुम्ही पॅकिंगचं बघा." मी पिशवी उचलली आणि तडक घरी आले. राग नाकावर, दुसरं काय! त्यांनी माझी लाज राखली होती, हे कळायला फार वेळ लागला.

धाकटी बहीण रोह्याला असते. नवरा कंपनीत शिफ्टला गेला की ही घरामागच्या खोलीत काचेचे दिवे करते. रंगीत काचा कापायच्या, एकमेकींवर रचायच्या, विजेच्या भट्टीत ठेवायच्या. वितळून सगळ्या एकजीव होतात. मागून बल्ब लावला की भिंतीवर रंग सांडतात. "घरात कुढत नको बसू, ये मदतीला," म्हणाली. मी रोज गाडीने जाऊ लागले. काम काय, तर काचा पुसायच्या. कासू स्टेशन गेलं, नागोठणे गेलं, तरी डोक्यात एकच: या हाताने परत डोळे होतील का?

एकदा ती बाजारात गेली होती. मी पांढऱ्या काचेवर आमच्या मूर्तीच्या रंगाने डोळे काढले. डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं. तासभर लागला, पण जमले! तिच्या मालाबरोबर गुपचूप भट्टीत सरकवले. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर काच कोरी. धुरकट डाग तेवढा. हात दाखवून अवलक्षण! बहीण पोट धरून हसली. "अगो ताई, आठशे डिग्रीला तुजा तो रंग टिकतोय व्हय?"

मी चिडून स्टेशनच्या वाटेला लागले. ती मागे धावत आली. "हसले, चुकले. पण मला हाक तरी मारायचीस. तू काढलेले डोळे बघायचे रायले ना माजे." मी परत फिरले.

तिने काळ्या काचेची भुकटी काढली आणि हातात चहाची गाळणी दिली. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर मी डोळ्यांचा आकार काढला, तिने तो कापला. ती भोकं पडलेली फिल्म काचेवर ठेवायची आणि वरून भुकटी चाळायची. ती गाळणीला टिचक्या मारायची, तर कुठे ढीग, कुठे टक्कल. मी उजव्या हातात गाळणी धरली आणि टिचकी मारायची गरजच पडेना. हात आपला हलत होता, भुकटी एकसारखी पडत होती.

"आईशप्पत! मला इतक्या वर्षांत नाय जमलं हे," ती म्हणाली. भुकटी नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधलं होतं, तेच बरं झालं. आत मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळेना. या पोरीचे उपकार कसे फेडू?

काच भट्टीत गेली. घाईने झाकण उघडलं तर ती तडकते, म्हणून भट्टी पुरती निवेपर्यंत तिने मला जवळ फिरकू दिलं नाही. काच अखंड निघाली. मागे बल्ब लावला, आणि डोळे उघडले.

मालकांना निरोप मीच धाडला. त्यांचे आभार मानायचे राहिले होते. ते रोह्याला आले, खोलीच्या दारातच थांबले. दिव्यातल्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग, बहुतेक त्यांच्याही नकळत, चपला काढून आत आले.

"कुणी आखले?"

बहिणीने माझ्याकडे बोट केलं.

"हात बरा झाला, वहिनी?"

"नाय, मालक," मी म्हटलं, आणि हात होता तसा, थरथरता, त्यांच्यापुढे धरला. "ह्याच हाताने केलेत."