अजून जिवंत आहे ती

मला क्रिकेट आवडत नाही. पनवेलजवळच्या विचुंब्यात राहून हे बोलून दाखवायची सोय नाही. इथं भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत टूर्नामेंट सुरू होतात आणि सकाळपासून कर्णे बोंबलायला लागतात. आमची बिल्डिंग नेमकी समोर. मी खिडक्या लावून घेते आणि नवरा गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. त्या शनिवारी मात्र मी स्वतःच्या पायांनी त्या मैदानात गेले, तेही एका भटक्या कुत्रीसाठी.

आदल्या संध्याकाळी टेम्पोनं तिला उडवलं होतं. उडवणारा थांबला नाही. बघणारे थांबले, पण नुसते बघायलाच. मी भाजीची पिशवी शेजारच्या बाईच्या हातात कोंबली, नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला दम भरला आणि ओढणीत गुंडाळून तिला नवीन पनवेलच्या दवाखान्यात नेलं. तपकिरी, किडकिडीत, एक कान दुमडलेला. एवढं दुखत असूनही ती मला वाटेत चावली नाही. चावली असती तर बरं झालं असतं, मी इतकी अडकले नसते.

एक्स-रे बघून डॉक्टर बाई म्हणाल्या, "छाती आणि पोटाच्या मधला पडदा फाटलाय. आतडी वर छातीत सरकलीत, म्हणून तिला श्वास घेता येत नाहीये. उद्याचा दिवस ऑक्सिजनवर सावरू दे, पण परवा ऑपरेशन व्हायलाच हवं. नाहीतर जाईल ती." स्वतःची फी त्या घेणार नव्हत्या. भूल देणारे डॉक्टर मात्र बाहेरून बोलवायचे होते, शिवाय औषधं, ऑक्सिजन, पुढचे दिवस तिला तिथंच ठेवणं. "उद्या संध्याकाळपर्यंत सांगा," त्या म्हणाल्या. आकडा ऐकून मी खुर्चीत बसले.

घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. बघता बघता हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडला. कुणी "सो सॅड" लिहिलं, कुणी महापालिकेला कळवलं का म्हणून विचारलं, आणि एका गृहस्थांनी भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्तावर निबंधच पाठवला. मेल्यांनो, तिला श्वास येत नाहीये आणि तुम्ही निबंध लिहिताय! पैसे आले, अगदीच नाही असं नाही. नवऱ्यानं त्याच्या गुडघ्यासाठी ठेवलेल्यातले मुकाट्यानं काढून दिले. तरी पुरेनात. शनिवारी दुपारी मी जेवायलाही बसले नाही, चिडचिड करत घरात फेऱ्या मारत होते. तेव्हा गॅलरीतून नवरा म्हणाला, "त्या कॉमेंट्रीवाल्याकडे जा. तो एका सिक्सरला भल्याभल्यांच्या खिशातून पाचशे काढतो."

ते खरंच आहे. इथल्या सामन्यांत ही पद्धतच आहे. कुणी जमीनवाला, कुणी बिल्डर, कुणी गाडीवाला मांडवात बसलेला असतो, तो चिठ्ठी पाठवतो आणि कॉमेंट्रीवाला पुकारतो, पुढच्या सिक्सरला अमक्यांकडून इतकं इनाम. आकडे ऐकून मी बंद खिडक्यांच्या आत कपाळावर हात मारून घ्यायची.

मला येताना बघून कॉमेंट्रीवाला माइक खाली धरून घाईघाईनं म्हणाला, "आवाज कमी करू का काकू?" मी आधी दोनदा रस्त्यावरूनच ओरडून त्याला झापलं होतं ना. म्हटलं, "नको. वाढवा." आणि सगळं सांगितलं. फोनमधला तिचा फोटो त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं गॉगल काढला. "आमी बघतो," तो म्हणाला. "तुमी बसा. ही ओव्हर संपू द्या."

आता झालं असं की टूर्नामेंट होती गावच्या वारलेल्या पाटलांच्या स्मरणार्थ. चषक त्यांच्या स्मरणार्थ, दुसरं बक्षीस कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, पाण्याच्या बाटल्या कुणाच्या आजीच्या स्मरणार्थ. दिवसभर तेच पुकारून त्याच्या जिभेला वळण पडलेलं. ओव्हर संपली आणि कर्ण्यातून दणदणीत आवाज आला, "मंडळी, काल आपल्या रस्त्याला टेम्पोखाली आलेल्या कुत्रीच्या स्मरणार्थ, पुढच्या सिक्सरला..."

माझं डोकंच फिरलं. खुर्ची ढकलून मी उठले आणि त्याच्या अंगावर धावले. "स्मरणार्थ? अहो, मेली आहे का ती? अजून जिवंत आहे! श्वासासाठी तडफडतेय तिकडे! मेल्यावर सगळेच चषक ठेवतात, जिवंत आहे तोवर द्या काहीतरी!"

माइक चालूच होता. सगळ्या शेतावर माझा आवाज घुमला. बॅट्समन वळून बघायला लागला, अंपायर बघायला लागला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कॉमेंट्रीवाल्यानं जीभ चावली, दोन्ही कान पकडले आणि माइकवर म्हणाला, "चुकी झाली मंडळी. कुत्री जिवंत हाय. जिवंत ठेवायची हाय."

आधी कुणीतरी हसलं. मग मांडवातून गळ्यात जाडजूड साखळी घातलेल्या म्हाताऱ्यानं हात वर केला. पुढच्या सिक्सरला कुत्रीसाठी त्याच्याकडून. फोरला दुसऱ्याकडून. तेव्हा फिल्डिंगवाले भडकले, मग आमच्या विकेटला का नाय? विकेटलाही कुणी पुढे आलं. शेवटी तर एका चेंडूला काहीच झालं नाही, तरी कुणीतरी ओरडलं, "डॉट बॉलला माझ्याकडून!" बिर्याणीच्या गाडीवरच्या चाचांनी "अल्ला शिफा देगा, ठीक हो जाएगी" म्हणत गल्ल्यातली मूठच्या मूठ माझ्या हातात ठेवली. ज्या माणसांना मी हंगामभर शिव्या घातल्या, ती माझ्यापुढे नोटा धरत होती आणि मला डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. अंधार पडायच्या आत मी डॉक्टर बाईंना फोन केला, बोलवा त्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना.

निघताना कॉमेंट्रीवाला त्याचा नंबर देत म्हणाला, "काय व्हईल ते कळवा काकू. वाईट झाला तरी कळवा."

रविवारी तिला आत नेलं. नवरा आणि मी बाकावर बसून राहिलो. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, अजून फेडतेय. आतून काहीच आवाज येत नव्हता आणि मला त्या शांततेची भीती वाटत होती. डॉक्टर बाई बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "स्वतःचा स्वतः श्वास घेतेय. झोपलीये."

मी कॉमेंट्रीवाल्याला फोन लावला. फायनल चालू होती. त्यानं "बोला काकू" म्हटलं आणि फोन तसाच माइकला लावला, हे मला काय ठाऊक! मी "वाचली हो" एवढंच म्हणाले आणि ढसाढसा रडले. माझंच रडणं फोनमधून मला परत ऐकू आलं. मग शिट्ट्या, आरडाओरडा, आणि कुणीतरी ओरडलं, लावा रे माळ!

"अहो, फटाके नको!" मी किंचाळले. "घाबरेल ना ती!"

दवाखाना मैदानापासून किती लांब! तिथले फटाके तिला कुठले ऐकू यायला? तो हे मला सांगू शकला असता. पण तो माइकवर म्हणाला, "माळ ठेवा रे. आपली पोर झोपलीय."

आणि त्या दिवशी फायनल जिंकल्यावरसुद्धा कुणी फटाका वाजवला नाही.