आठ घरांचा पट्टा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्या कामामुळे ऑफिसात माझं नाव झालं, त्यातलं कोडं मी सोडवलेलं नव्हतं. ते माझ्या वडिलांनी सोडवलं, लालबागच्या आमच्या खोलीत.

वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे. संपानंतर त्यांच्यासाठी ते दार पुन्हा उघडलं नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात ‘वडील टेक्स्टाइलमध्ये आहेत’ एवढंच सांगायचो. साहेबांना वाटलं, आमचं दुकान आहे. मी वाटू दिलं.

एखादं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, अचानक कोलमडलं, की मेमरीत त्या क्षणी असलेलं सगळं ते एका फाइलीत ओतून ठेवतं. अशा फाइली वाचून बिघाड शोधणारा प्रोग्राम माझ्याकडे होता. एका गिऱ्हाइकाच्या फाइलीत मात्र तो नुसता कचरा दाखवत होता. मशीन एका वेळी किती बाइट उचलतं, चार की आठ, हे फाइलीच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं. हिची सुरुवातच गायब होती. मशीन जुनंच असणार, असं गृहीत धरून मी चार पकडून बसलो होतो. सोमवारपर्यंत जमलं नसतं तर काम दुसऱ्या टीमकडे जाणार होतं, आणि मी अजून प्रोबेशनवर होतो.

शनिवारी दुपारी त्या फाइलीचे छापून आणलेले सगळे कागद घरी जमिनीवर पसरले. आई म्हणाली, आता भात काय तुझ्या डोक्यावर शिजवू? वडिलांनी विचारलं, ह्या काय? मी सांगितलं की एक घर म्हणजे एक बाइट, ओळीत सोळा घरं, चार घरांचा एक आकडा. त्यांना कळावं म्हणून नाही, त्यांनी गप्प बसावं म्हणून.

त्यांनी एक कागद उचलला, कापड तपासतात तसा उजेडाकडे तिरका धरला. मग ट्रंकेतून धागे मोजायचं जुनं घडीचं भिंग काढलं आणि एका रांगेवरून बोट वरून खाली नेलं.

“चार घरांची नक्षी म्हणतंस ना?”

“हो.”

“मग ओळीत चार पट्टे येवक होये. हे बघ, दोनच येतत. आठाची हा ही. माप तू चुकीचा धरलंस.”

मी वाकलो. आठव्या घरात ‘एफ एफ’, सोळाव्या घरात ‘एफ एफ’, खालपर्यंत, ओळीमागून ओळ! आठ बाइटच्या मशीनवर सिस्टीमच्या गाभ्यातले मेमरीचे पत्ते असेच संपतात. दोन दिवस मी तेच कागद बघत होतो आणि मला हा पट्टा दिसला नव्हता. मी चपला न घालताच जिना उतरलो, ऑफिसच्या मित्राला फोन करायला. खाली पोचल्यावर आठवलं, की फोन खिशातच आहे.

रविवारभर कोड लिहिला. दोन्ही मापं लावून बघायची, ज्या मापाला पट्टे सरळ उभे राहतात ते खरं. वडिलांचीच रीत. जुन्या सगळ्या फाइलींवर चालवली, एकही चुकली नाही. मी एकटाच हसत होतो.

सोमवारी सगळ्यांसमोर साहेबांनी विचारलं, कसं काय सुचलं? मी म्हणालो, “बघता बघता दिसलं.”

संध्याकाळी वडील गॅलरीत वाट बघत उभे होते.

“लागला काय रे माप?”

त्या वेळी ‘हो’ म्हणायला काय जात होतं? पण दिवसभर ज्याचं कौतुक झालं होतं तो मी होतो, आणि ते मला वाटून घ्यायचं नव्हतं. मी म्हणालो, “नाही बाबा. वेगळंच काहीतरी निघालं.”

“मगे नजर गेली माझी,” ते म्हणाले. भिंग ट्रंकेत ठेवलं. माझ्या कामाबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर ते सहा वर्षं जगले. तेवढ्या वेळात मला एकदाही बोलता आलं नाही.

तो प्रोग्राम अजून वापरात आहे, वरच्या ओळीत माझं एकट्याचं नाव आहे. त्यांना एक ‘हो’ देणं लागतो, आणि ती ओळ.